कारभाऱ्याचा खरा आवाज

आमच्या नाटकातली नदी कापडाची होती. निळं, पातळ, रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरेल एवढं लांब कापड. डाव्या विंगेत ताई एक टोक धरायची, उजव्या विंगेत मी दुसरं. दोघींनी ते हळूहळू हलवलं की प्रेक्षकांना नदी वाहताना दिसायची. मी तिच्यापेक्षा आळशी, त्यामुळे माझ्याकडची नदी जरा सुस्त वाहते असं भावजी म्हणायचे. पण मला त्या वेळी खरंच गुंगी यायची. समोर निळा उजेड, हातात ते थंडगार कापड, आणि कापडातून ताईच्या मनगटाची हालचाल माझ्यापर्यंत पोचायची. ती दमलेली असली तरी मला कळायचं, खुशीत असली तरी कळायचं. घरात आम्ही बहिणी जेवढं बोललो नसू तेवढं त्या नदीतून बोललो.

नाटक जुनं, सगळ्यांना माहीत असलेलं. नदीपलीकडे लढाई चालू आहे. राजा अंधार पडल्यावर होडीने घरी येतो. त्याला वाट दिसावी म्हणून राणी खिडकीत दिवा ठेवते. राजाचा विश्वासू कारभारी त्याच्या कानात हळूच सोडून देतो, की हा दिवा दुसऱ्याच कुणासाठी लागतो. राजा राणीला एका शब्दानं विचारत नाही. तिचा जीव घेतो. मग म्हातारा नावाडी येतो आणि म्हणतो, महाराज, त्याच दिव्यावर तर मी तुमची होडी आणत होतो. की पडदा. हे मी कितीदा पाहिलं त्याला गणती नाही, तरी नावाडी आला की माझे डोळे भरायचेच. आणि दर वेळी मला राजाचा राग यायचा. अरे बाबा, एकदा विचारायचं तरी होतंस तिला.

कारभाऱ्याचं काम भावजी करायचे, म्हणजे ताईचा नवरा. ताई कंपनीचा कपडेपट सांभाळायची आणि मी तिच्या हाताखाली बटणं लावायची, इस्त्री करायची, बोलणी खायची. आम्ही तिघं कुलूपवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायचो. खालून दिवसभर कानशीचा आवाज यायचा. त्या आवाजात मला दुपारची फार छान झोप लागायची.

भावजींना हे काम मिळालं तेव्हा त्यांची पंचाईत झाली होती. माणूस इतका सरळ, की आमटी खारट झाली तर ‘छान झालीय’ म्हणताना कान लाल व्हायचे. रंगमंचावर खोटं बोलायची वेळ आली की ते भुवया उडवायचे, आवाज खर्जात न्यायचे, बोटं चोळायचे. लोक हसायचे. राजा याचं ऐकतोच कसा, असं मागच्या रांगेतून ऐकू यायचं. मग ताईनं कंबर कसली. स्वयंपाकघरात एक स्टूल होतं, त्यावर त्यांना बसवलं आणि म्हणाली, “मला खोटं सांगा. मला खरं वाटेपर्यंत सांगत राहा.”

ते सांगायचे आणि ताई पोळ्या लाटता लाटता ऐकायची. खाली दुकानाला आग लागलीय. पुन्हा. मला दुसऱ्या कंपनीत बोलावलंय. पुन्हा. तुझी बहीण जिन्यावरून पडली. पुन्हा, आणि माझ्या बहिणीला मध्ये आणू नका. ताई मान वर न करता फक्त ‘पुन्हा’ म्हणायची. असं कितीतरी दिवस चाललं. मला वाटायला लागलं होतं की या घरात आता खरं कुणी बोलणारच नाही.

एके दिवशी ते बाहेरून आले, चपला काढल्या आणि पाणी पिता पिता म्हणाले, “आईंची तब्येत बरी नाहीये. निरोप आलाय. जाऊन यायला हवं.”

काही विशेष नव्हतं त्या आवाजात. भुवया नाहीत, खर्ज नाही. नेहमी ‘दूध उतू जातंय’ म्हणतात तसं. ताईनं तव्याखालचा गॅस बंद केला आणि ती कपडे बदलायला आत गेली. आई माझीही, मी तर जिना उतरायला लागले होते. मग वरून ताईचं हसणं ऐकू आलं, आणि हसता हसता रडणं. मी वर आले तर ती भावजींच्या दंडावर चापट्या मारत होती आणि म्हणत होती, “जमलं. अहो, जमलं.”

तोच आवाज घेऊन भावजी रंगमंचावर गेले. त्यांचा स्वतःचा, घरातला, साधा आवाज. ताईनं त्यांना खोटा आवाज शिकवलाच नव्हता. होता तो खरा आवाज खोट्याला कसा द्यायचा, एवढंच शिकवलं होतं. आता कारभारी बोलायला लागला की अख्खं प्रेक्षागृह श्वास रोखायचं. तो प्रवेश नदीकाठचा. भावजी बोलायचे राजाच्या कानाशी, पण डोळे डाव्या विंगेकडे असायचे. तिथं ताई नदी हलवत उभी असायची. तिची मान जराशी हलली की ते पुढचं वाक्य घ्यायचे.

त्यानंतर आमच्या गल्लीत भावजींचे हाल झाले. भाजीवाली त्यांना किडकी वांगी द्यायची आणि वर म्हणायची, राणीला मारून पोट भरलं नाही का. खाली कुलूपवाला गमतीनं म्हणायचा, साहेब, कोठडीत पडाल तेव्हा तुमच्यासाठी वेगळं कुलूप करतो, आतून उघडणारं. भावजी खूश व्हायचे. नाटक संपल्यावर सगळे नट रांगेत वाकून उभे राहिले की लोक त्यांना बघून फूत्कार टाकायचे, शिट्ट्या मारायचे, आणि ती शिट्ट्यांची लाट टाळ्यांपेक्षा मोठी असायची.

टाळ्या राजासाठी असायच्या. राजाचं काम करणाऱ्याला आम्ही सगळे महाराजच म्हणायचो. त्यांचं खरं नाव काय होतं ते त्यांच्या दूधवाल्यालाही आठवत नसावं. उंच, देखणे, बोलणं मऊ. ताईचा त्यांच्यावर फार जीव. जीव म्हणजे वडीलधाऱ्या माणसावर असतो तसा. रोज संध्याकाळी विंगेतून तिनं त्यांना फसताना पाहिलं होतं, राणीच्या पायाशी बसून रडताना पाहिलं होतं. “इतका भाबडा माणूस मी पाहिला नाही,” ती म्हणायची.

“नाटकात भाबडे आहेत ते,” मी म्हणायची.

“रोज इतकं खरं रडणारा माणूस आतून खोटा असेल होय गं?”

वाद घालायचा मला कंटाळा. शिवाय मलाही तेव्हा ते भाबडेच वाटायचे. शिट्ट्यांचा आवाज टाळ्यांच्या वर चढायला लागल्यापासून त्यांचं हसू जरा उशिरा यायला लागलं होतं, एवढंच माझ्या ध्यानात आलं होतं.

राणीचं काम करणारी बाई, म्हणजे आमची थोरली राणी, तिचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा तिच्या जागी नवी राणी आली. हसरी, सतत काहीतरी खात असलेली, मरायच्या प्रवेशाआधीही गालात बडीशेप. तिच्या झग्याचा घेर आम्ही दोनदा सैल केला. आणि ती आल्यानंतरच भावजी दुपारचे नाहीसे व्हायला लागले. विचारलं तर म्हणायचे, जरा काम होतं. मी एकदा दोघांना घड्याळजींच्या बोळातून बाहेर येताना पाहिलं. राणी बोलत होती, भावजी मान खाली घालून ऐकत होते. मी घरी येऊन काही बोलले नाही. पाहणारी काय मी एकटीच होते?

महाराजांच्या झग्याचा काठ उसवला होता. पायघोळ, जड, मखमली झगा. ते कपडेपटात मोठ्या आरशासमोरच्या स्टुलावर उभे राहिले आणि ताई खाली बसून काठाला टाचण्या लावायला लागली. मी खिडकीत दोरा ओवत होते. इस्त्रीच्या वाफेनं आरसा धुरकट झाला होता, त्यामुळे महाराज त्यात पाण्याखाली उभे असल्यासारखे दिसत होते.

“तुमचे हे दुपारचे घरी असतात ना?” त्यांनी आरशाला विचारलं.

“तालमीला असतात,” ताई तोंडातल्या टाचण्या सांभाळत म्हणाली.

“तालमीला,” महाराज म्हणाले. खांद्यावर एखादा दोरा लागला होता की नव्हता, तो त्यांनी दोन बोटांनी उचलून बाजूला टाकला.

ताईनं टाचण्या काढल्या. “का? काय झालं?”

“कुठं काय. काही नाही. सहज मनात आलं, बोलून गेलो. विसरून जा.”

“नाही, सांगा ना.”

“तुमचं मन सरळ, म्हणून माझा जीव तुटतो, एवढंच.” ताईचा हात काठावर तसाच. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि त्यात मखमलीचे बारीक कण तरंगत होते. उतरताना ते म्हणाले, “यांच्याबद्दल नाही म्हणत मी, जगाचं सांगतो. माणूस पकडला जायची वेळ आली की आधी दुखणं काढतो. नाचणारा असला तर पाय म्हणणार. बोलणारा असला तर गळा.”

ते गेल्यावर ताईनं उरलेला काठ घालायला घेतला, आणि तो वाकडा घातला. ताईच्या हातून वाकडा काठ मी जन्मात पाहिला नव्हता.

मी नव्या राणीला गाठलं आणि सरळ विचारलं. ती खाता खाता थांबली. “मला शपथ घातलीय त्यांनी. तुम्ही त्यांनाच विचारा,” म्हणाली. मी हे ताईला सांगितलं. सांगायला नको होतं असं तिचा चेहरा बघून लगेच कळलं.

भावजींना विचारायची वेळच आली नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी ते आपणहून स्वयंपाकघरात आले. ताई इस्त्री करत होती. मी दाराशी बसून कारभाऱ्याच्याच डगल्याला बटण लावत होते. ते त्या जुन्या स्टुलावर बसले.

“तुला एक सांगायचं होतं,” ते म्हणाले. “माझ्या गळ्यात गाठ आहे. राणीची आत्या गळ्याची डॉक्टर आहे, तिच्याकडे जातोय दुपारचा. कंपनीत कळलं तर काम काढून घेतील, म्हणून आधी खात्री करून घेतली. ती म्हणते, आता बोलणं थांबवून गाठ काढली तर आवाज वाचेल. नाटक बंद होईपर्यंत, शेवटच्या प्रयोगापर्यंत खेचलं तर ती शब्द देत नाही. काय करू? तू म्हणशील तसं करतो.”

खालून कानशीचा आवाज येत होता. माझी सुई बटणाच्या भोकात तशीच राहिली. कारण काही विशेष नव्हतं त्या आवाजात. घरातला, साधा, दूध उतू जातंय म्हणायचा आवाज. हाच आवाज ताईनं याच स्टुलावर घडवला होता, आणि गावातली सगळी माणसं रोज संध्याकाळी त्याला फसत होती. मला त्यांचं खरं वाटलं. पण मला काय, मला कारभाऱ्याचंही रोज खरंच वाटायचं.

ताईनं इस्त्री उभी केली. ती त्यांच्याकडे खूप वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता ती ‘पुन्हा’ म्हणेल. म्हणाली असती तर किती बरं झालं असतं.

“जमलं,” ताई म्हणाली.

भावजींना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांचे कान लाल झाले, पूर्वी व्हायचे तसे.

“मी खोटं नाही बोलत.”

“कारभारीही हेच म्हणतो.”

“माझ्याबरोबर चल. डॉक्टरांना विचार.”

“कुणाला? तिच्या आत्याला? तिच्याच घरी जाऊन?”

“ताई,” मी म्हटलं, “राणी पण म्हणाली की...”

“ती पण नटीच आहे. तू मध्ये बोलू नकोस. आणि त्या बोळात पाऊल टाकलंस तर माझं तोंड बघायचं नाही.”

भावजी उठले. त्यांचा आवाज तसूभर चढला नाही. “मी तुला पटवू शकतो,” ते म्हणाले. “बसका आवाज काढू शकतो, हमसून हमसून रडू शकतो. तुला पटेलही. पण पटवणं हा माझा धंदा आहे. तो मला घरात करायचा नाही. तुला आपणहून खरं वाटलं तर सांग, मी थांबेन.”

ते बाहेर गेले. ताईनं इस्त्री पुन्हा हातात घेतली, आणि शर्टाच्या एकाच बाहीवरून ती किती वेळ फिरवत राहिली कोण जाणे. मी त्या बोळात गेले नाही. ताईचं तोंड बघितल्याशिवाय मला राहता येत नव्हतं, म्हणून गेले नाही.

दुसऱ्या दिवसापासून ताईनं नदी सोडली. सुताराला म्हणाली, माझं मनगट दुखतंय, तुम्ही धरा. सुतार भला माणूस, पण त्याच्या हातात नदी म्हणजे वाळत घातलेली सतरंजी. ओढायचा, सोडायचा, ओढायचा. मी माझ्या टोकाला डोळे मिटून तिची मनगटं शोधायची आणि मला लाकडाचे झटके लागायचे. भावजी राजाच्या कानाशी बोलताना डाव्या विंगेकडे बघायचे, सुताराला बघायचे आणि वाक्य जड होऊन बाहेर पडायचं. वरची पट्टी लागली की आवाजाची किनार फाटायची. लोकांना वाटायचं, वा, काय अभिनय आहे. ताई तेव्हा कपडेपटात बसून जुने मोजे रफू करायची. तिथं भिंतीतून आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत.

घरी ती त्यांच्याशी बोलत होती. मीठ हवंय का, किल्ली घेतली का, एवढंच. आणि ते मानेनंच उत्तर द्यायचे. ती समजायची, हा राग. मीही तसंच समजले. आवाज वाचवायला म्हणून घरात गप्प राहणारा माणूस आणि रुसलेला माणूस सारखेच दिसतात हे आता कळून काय उपयोग.

दर संध्याकाळी मला वाटायचं, आज ती म्हणेल, थांबा. दर संध्याकाळी भावजी डगल्यात हात घालायचे, ताई मागून कॉलर नीट करायची, आणि क्षणभर दोघं तसेच उभे राहायचे. आरशात मला ते दिसायचे, धुरकट. मग घंटा व्हायची आणि ते जायचे.

असा शेवटचा प्रयोग आला. पावसाळ्यानंतर नाट्यगृहाचं छत दुरुस्त करायचं होतं, म्हणून नाटक बंद होणार होतं. आमच्या कंपनीत एक रीत होती. शेवटच्या प्रयोगाला ज्याचं काम त्यानंच करायचं, बदली माणूस चालत नाही, आणि काम सोडलेल्यांनीही एकदा रंगमंचावर यायचं. गुडघे धरून थोरली राणीसुद्धा पहिल्या प्रवेशातली दासी होऊन आली होती. सुतारानं कापडाचं टोक ताईच्या हातात आणून दिलं आणि म्हणाला, “घ्या तुमची नदी. माझ्या बापजन्मात वाहायची नाही.”

निळा उजेड आला. मी माझं टोक हलवलं आणि पलीकडून ताईचं मनगट आलं. किती दिवसांनी. ते घट्ट होतं, रागावलेलं होतं, पण तिचंच होतं. मला झोप आल्यासारखं बरं वाटलं.

भावजी राजाच्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी डावीकडे पाहिलं आणि ताई दिसल्यावर त्यांचा चेहरा असा काही उजळला की कारभाऱ्याला तो शोभला नाही. मग त्यांनी पहिलं वाक्य घेतलं. “दिवा खिडकीत लागतो, महाराज. पण...”

“पण काय?” राजा म्हणाला.

भावजींनी तोंड उघडलं. ओठ हलले. काहीच आलं नाही.

विंगेतून प्रॉम्प्टरनं पुढचे शब्द दिले. त्याला वाटलं, विसरले. पुन्हा दिले, मोठ्यानं, पहिल्या रांगेला ऐकू जातील असे. भावजी हसले थोडंसं, विसरलो नाही असं सांगितल्यासारखं, आणि त्यांनी गळ्याला हात लावला. ओठ पुन्हा हलले. त्यांचे डोळे ताईकडे होते.

मी ताईच्या मनगटावरून सांगते, तिला तेव्हाही खरं वाटलं नव्हतं. कापड ताणलेलं होतं. असा अभिनय ते करू शकतात, हे तिच्याएवढं कुणाला माहीत.

प्रेक्षागृहात चुळबुळ सुरू झाली आणि महाराजांनी खेळ हातात घेतला. जुना, कसलेला नट. ते भावजींपासून दोन पावलं दूर झाले, प्रेक्षकांकडे वळले, आणि गप्प माणसाच्या मनातलं ओळखल्यासारखे स्वतःच कारभाऱ्याचे शब्द बोलायला लागले.

“कुठं काय. काही नाही,” ते म्हणाले. आवाज मऊ. “सहज मनात आलं, बोलून गेलो. हेच म्हणणार ना तू?” त्यांनी खांद्यावरचा दोरा, होता की नव्हता कोण जाणे, दोन बोटांनी उचलून बाजूला टाकला. “विसरून जा, म्हणशील. तुमचं मन सरळ, म्हणून माझा जीव तुटतो, म्हणशील.”

नदी थांबली.

माझ्या हातातलं टोक हलत होतं आणि अर्ध्यावर लाट मरून पडत होती. पलीकडे कुणी नसल्यासारखं कापड ढिलं. हे शब्द आम्हा दोघींना तोंडपाठ होते, इतक्या वर्षांचे. पण ते एकाच आवाजात ठाऊक होते. दुसऱ्याच्या तोंडून कपडेपटात आले तेव्हा आम्हाला ते साधं बोलणं वाटलं. आता तेच तोंड, तोच मऊपणा, तेच दोन बोटांचं उचलणं, आणि अंगावर ताईनं वाकडा काठ घातलेला तोच झगा. रोज फसवून घेता घेता महाराज फसवायचं कसं ते शिकले होते, आणि ज्याच्या कानाशी भावजी रोज बोलायचे त्याला आवाजातली चीर सगळ्यांच्या आधी ऐकू आली होती.

निळ्या उजेडात पलीकडच्या विंगेत मला ताईचा चेहरा दिसला. ती महाराजांकडे बघत नव्हती. ती भावजींच्या गळ्यावरच्या हाताकडे बघत होती.

मग नदी पुन्हा सुरू झाली. प्रवेश चालू असताना टोक सोडून चालत नाही. पण कापडातून माझ्यापर्यंत आलं ते वाहणं नव्हतं. तिचे हात थरथरत होते. ती थरथर मी प्रवेश संपेपर्यंत धरून ठेवली.

महाराजांनी पुढचा सगळा खेळ दोघांच्या वतीनं बोलून काढला. लोकांना वाटलं, ही काहीतरी नवी कल्पना. राजाचा संशय राजाच्याच तोंडून. पडदा पडला तेव्हा उभं राहून टाळ्या झाल्या, एवढ्या की शिट्ट्या ऐकूच आल्या नाहीत. त्यांना हवं ते सगळं मिळालं.

झगा उतरवायला ते कपडेपटात आले तेव्हा चेहरा घामानं चमकत होता. “आज वाचवलं बघा तुमच्या नवऱ्याला,” ते ताईला म्हणाले.

“हो,” ताई म्हणाली. ती त्यांच्या खांद्यावरून झगा काढत होती. “छान बोललात. मी आधी ऐकलं होतं. इथंच, या स्टुलावर.”

महाराजांनी आरशात पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांना शब्द द्यायला तिथं प्रॉम्प्टर नव्हता. ताईनं झगा खुंटीला लावला आणि दिवा मालवून आम्ही बाहेर पडलो. भावजी मागच्या दाराशी उभे होते. ताईनं त्यांच्या गळ्याभोवती स्वतःची ओढणी गुंडाळली, आणि सगळा रस्ता तिचं टोक हातात धरून चालली.

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्याबरोबर त्या बोळात गेली. राणीच्या आत्यानं गाठ काढली. ती ताईला एवढंच म्हणाली, “थोडं आधी यायला हवं होतं.” आवाज काही परत आला नाही.

आता दुपारी खालून कानशीचा आवाज येतो आणि मी दाराशी बसून पेंगत असते. भावजी त्या स्टुलावर बसतात आणि ताईला काहीबाही सांगतात. नुसते ओठ हलतात. वारा सुटला तर पडदा जास्त आवाज करतो. ते बाजारातलं सांगत असतील, कुलूपवाल्याचं सांगत असतील, कधी काय सांगतात ते तिच्या चेहऱ्यावरून कळतं आणि मी तोंड फिरवते. ताई हातातलं काम बाजूला ठेवते. पुढे सरकते, त्यांच्या ओठांवर नजर लावते. तिला बहुतेक पहिल्याच वेळी कळलेलं असतं, मला माहीत आहे.

तरी ती म्हणते, “पुन्हा.”